लहान मुलांना नाउन-व्हर्ब शिकवताना

पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘नाउन म्हणजे काय?’ असं विचारून बघा. बहुतेक मुलं एका दमात म्हणून दाखवतात, ‘नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, ॲनिमल ऑर थिंग.’ अगदी सुरात, मान डोलावत. मग त्याच मुलापुढे ‘द बॉय सॉ अ बिग डॉग’ एवढं साधं वाक्य ठेवा आणि यातली नाउन शोधायला सांगा. बोट वाक्यावरून मागेपुढे फिरत राहतं आणि शेवटी ‘बिग’वर टेकतं, नाहीतर ‘सॉ’वर. व्याख्या तोंडपाठ असते, पण ती घेऊन करायचं काय, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

सहा ते आठ वयाच्या मुलांचे छोटे गट घेऊन मी इंग्रजी शिकवते. सगळी मुलं घरी मराठी बोलणारी. इतक्या लहान वयात व्याकरणाच्या संज्ञा शिकवाव्यात का, यावर शिक्षकांमध्ये दोन तट आहेत. माझं मत असं की शिकवाव्यात, पण अगदी मोजक्या, आणि ती गोष्ट मुलाला वापरता यायला लागल्यानंतर. संज्ञेचा उपयोग फार मोठा आहे. ‘व्हर्ब’ हा शब्द एकदा मुलाच्या ओळखीचा झाला की ‘तुझ्या वाक्यात व्हर्ब राहिलंय’ एवढंच म्हटलं तरी मूल स्वतःचं वाक्य स्वतः दुरुस्त करतं. तो शब्द नसेल तर दर वेळी अख्खं वाक्य मलाच बोलून दाखवावं लागतं, आणि मग मूल माझी नक्कल करतं, विचार करत नाही.

म्हणून यंदाच्या गटाबरोबर मी सुरुवातीला बरेच दिवस एकही संज्ञा उच्चारली नाही. चित्रं बघून बोलणं, गोष्टी ऐकणं, सांगितलेली कृती करणं, बस. इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या मुलाचा कान शाळेत येण्याआधीच तयार झालेला असतो. ‘अ डॉग बिग’ त्याला आपोआप खटकतं. आपल्या मुलांचा तो कान आधी घडवावा लागतो. व्याकरणाच्या सगळ्या चाचण्या शेवटी कानावरच चालतात, त्यामुळे कानात काही साठण्याआधी नाउन-व्हर्ब सुरू केलं तर मुलांच्या हातात घोकंपट्टीशिवाय दुसरं काही उरत नाही.

नाउनची सुरुवात सगळे करतात तशीच केली. कागदाच्या चिठ्ठ्या आणि चिकटपट्टी घेऊन खोलीभर फिरायचं आणि डोअर, विंडो, चेअर, बॅग अशी नावं चिकटवायची. मुलं यात रमतात आणि हे पटकन जमतं. खरा पेच पुढे येतो. एका मुलीच्या वाट्याला ‘नॉइज’ची चिठ्ठी आली होती. ती खोलीभर फिरून परत माझ्याकडे आली. ‘ताई, ही कुठे लावू?’ मी तिलाच विचारलं, कुठे लावावीशी वाटते? तिने दंगा करणाऱ्या एका मुलाच्या पाठीवर लावली. मग सगळे मिळून अशा चिठ्ठ्या शोधायला लागले ज्या कुठेच चिकटत नाहीत: बर्थडे, मंडे, ड्रीम, आयडिया. ‘थिंग’ म्हणजे हात लावता येण्यासारखी वस्तू, असं धरून चाललेल्या मुलाची अडचण इथेच होते.

मग मी व्याख्या बाजूला ठेवली आणि फळ्यावर ‘माय’ लिहून पुढे रेघ ओढली. या रेघेवर जो शब्द एकटा उभा राहू शकतो, तो नाउन. माय डॉग, माय स्कूल, माय बर्थडे, माय ड्रीम. आता ‘बिग’ ठेवून बघा. माय बिग... काय? हा ‘काय?’ मुलांच्या तोंडून आपणहून येतो. मी ही चाचणी आधी मराठीत घेतली. ‘माझं घर’ म्हटलं की कोणी काही विचारत नाही. ‘माझं मोठं’ म्हटलं की सगळा गट ओरडतो, ‘मोठं काय?’ मराठीचा कान पक्का असल्यामुळे युक्ती लगेच कळली आणि मग तीच इंग्रजीला लावणं सोपं गेलं. रिकाम्या जागेत शब्द बसवून त्याची जात ओळखण्याची ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी 1952 साली इंग्रजी शब्दांचे वर्ग अशाच चौकटी वापरून मांडले होते. ते काम मोठ्यांसाठी होतं, पण सहा वर्षांच्या मुलाला ‘नेम ऑफ अ पर्सन’पेक्षा हीच वाट जास्त जवळची वाटते, असं मला दर वर्षी दिसतं.

अनेकवचनाला मी ‘एस लावा’ असं म्हणत नाही. आधी गळ्यावर हात ठेवायला सांगते. ‘कॅट्स’ म्हणताना शेवटी गळा शांत असतो, ‘डॉग्झ’ म्हणताना थरथरतो, आणि ‘बस’ला उच्चाराचा आणखी एक तुकडा जोडावा लागतो, ‘बसिझ’. स्पेलिंगमध्ये सगळीकडे एसच दिसतो, पण तोंडात तीन वेगळे आवाज असतात. मुलांना हे गळ्यावरच्या बोटांनी कळलं की ती वर्गातल्या सगळ्या वस्तू तपासत सुटतात. 1958 साली जीन बर्को या संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ असं बनवलेलं नाव दिलं आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं होतं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांना करता आलं, म्हणजे ती नुसती ऐकलेली रूपं पाठ करत नव्हती, नियम त्यांच्या आत तयार झाला होता. मीही माझे दोन प्राणी काढले, एक ‘टिब’ आणि एक ‘नॅश’. आमच्या गटाने ‘टिब्झ’ लगेच सांगितलं. ‘नॅश’ला जरा थांबून, ओठांतल्या ओठांत म्हणून बघून, ‘नॅशिझ’ आलं. त्या दिवशी ‘प्लूरल’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला. जी गोष्ट ते करत होते तिला नाव मिळालं, म्हणून तो शब्द कोणाला पाठ करावा लागला नाही. पुढे कोणी ‘फूट्स’ म्हणालं तर मी रागावत नाही. त्याला नियम कळला आहे, अपवाद ऐकायचा राहिला आहे. ‘फीट’ कानावर पडत राहिलं की तेही बसतं.

व्हर्बवर मी सगळ्यात जास्त वेळ देते. इंग्रजी वाक्याचा कणा तोच आहे आणि मराठीहून सगळ्यात वेगळी जागाही त्याचीच. उड्या मारणं, टाळ्या वाजवणं, झोपल्याचं सोंग करणं, हे झालं. ‘व्हर्ब म्हणजे ॲक्शन वर्ड’ इथवर सगळं सुरळीत चालतं. मग ‘द डॉग इज हॅपी’ हे वाक्य आलं आणि एका मुलाने हात वर केला. ‘ताई, यात कुत्रा काहीच करत नाहीये. मग व्हर्ब कुठंय?’

प्रश्न अगदी बरोबर होता. ‘ॲक्शन वर्ड’ ही ओळख ‘इज’पाशी तुटते, आणि ‘इज’ तर मुलांना रोज लागणारं व्हर्ब. ते सुटतंही सारखं, कारण मराठीत आपण ‘हा माझा भाऊ’ एवढ्यावर वाक्य पुरं करतो. त्याचंच इंग्रजी करून मुलं म्हणतात, ‘धिस माय ब्रदर.’

यासाठी मी ‘काल’ची चाचणी घेते. वाक्याच्या सुरुवातीला ‘टुडे’ लावायचं, मग ते काढून ‘यस्टरडे’ लावायचं, आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते कान देऊन ऐकायचं. टुडे द डॉग इज हॅपी, यस्टरडे द डॉग वॉज हॅपी. बदलला कोण? ‘इज’. तो व्हर्ब. टुडे द डॉग स्लीप्स, यस्टरडे द डॉग स्लेप्ट. इथेही तसंच. वाक्यातला बाकी कोणीही कालच्या नावाने हलत नाही. कुत्रा काल कुत्राच होता, काळा काल काळाच होता. ही चाचणी मुलांना इतकी आवडते की ती भिंतीवरच्या सूचनासुद्धा तपासून बघतात.

काही दिवसांनी एक मुलगी वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं, ‘टुडे आय कट द पेपर, यस्टरडे आय कट द पेपर.’ काहीच बदललं नाही, मग ‘कट’ व्हर्ब नाही का? ही शंका तिने स्वतः, घरी बसून काढली होती. मी ती सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिली आणि विचारलं, कागद ‘आय’ने कापायच्या ऐवजी ‘ही’ने कापला तर? थोडी कुजबुज झाली आणि उत्तर आलं, ‘टुडे ही कट्स, यस्टरडे ही कट.’ बदललं! मग ‘पुट’ आणि ‘हिट’ही तपासले, तेही बसले. तेव्हापासून आमच्या चाचणीत एक अट आली, कर्ता नेहमी ‘ही’ किंवा ‘शी’ घ्यायचा. ती अट त्या मुलीच्या शंकेतून आली हे गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि ते आपसांत तिला ‘तिचा नियम’ असंच म्हणतात. ‘इज स्लीपिंग’सारख्या जोडीत फक्त ‘इज’ बदलतो, तिथे मी सरळ सांगून टाकलं की हे व्हर्ब दोन शब्दांचं आहे आणि वेळ सांगायचं काम त्यातला पहिला शब्द करतो. या वयात एवढं पुरतं.

व्हर्बची जागा शिकवताना पाटीपेक्षा पाय उपयोगी पडतात. तीन मुलांच्या हातात तीन कार्डं दिली, ‘मी’, ‘चेंडू’, ‘फेकतो’, आणि ओळीत उभं केलं. मग त्याच मुलांना ‘आय’, ‘द बॉल’ आणि ‘थ्रो’ ही कार्डं दिली. तशाच क्रमाने वाचलं, ‘आय द बॉल थ्रो.’ मुलांनीच नाकं मुरडली. ‘थ्रो’वाल्या मुलाला शेवटच्या जागेवरून मध्ये यावं लागलं. ओळ मराठी झाली की त्याने टोकाला पळायचं, इंग्रजी झाली की मध्ये घुसायचं. हा खेळ आम्ही कितीतरी वाक्यांवर खेळलो. आता कोणी लिहिताना व्हर्ब शेवटी ठेवलं तर शेजारचा नुसता खांद्याला धक्का देतो आणि म्हणतो, ‘मध्ये ये.’

ॲडजेक्टिव्ह त्या मानाने लवकर झालं. पिशवीत हात घालून, न बघता वस्तूबद्दल सांगायचं: सॉफ्ट, हार्ड, कोल्ड, राउंड. चाचणी ‘व्हेरी’ची. व्हेरी सॉफ्ट चालतं, व्हेरी टेबल चालत नाही, व्हेरी जंपही चालत नाही. मराठीत मोठा, मोठी, मोठं, मोठे असं विशेषण नामाप्रमाणे बदलत जातं, त्यामुळे एकाने दोन कुत्र्यांसाठी ‘बिग्झ डॉग्झ’ लिहिलं होतं. इंग्रजीत ‘बिग’ सगळीकडे ‘बिग’च राहतो हे कळल्यावर मुलांना जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. परक्या भाषेत आपल्यापेक्षा सोपं काहीतरी आहे, हेही त्यांना कधीतरी दिसायला हवं.

प्रोनाउनमध्ये मात्र मराठी पावलापावलावर आडवी येते आणि मला वाटतं, हा भाग लहान मुलांच्या शिक्षकांनी फार जपून हाताळायला हवा. ‘शी इज अ चेअर’ असं मूल लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं. खुर्ची ‘ती’ आहे, आणि ‘ती’ म्हणजे ‘शी’ असं त्याला आपणच शिकवलेलं असतं. टेबल ‘ते’ म्हणून ‘इट’ बरोबर येतं, पंखा ‘तो’ म्हणून ‘ही’ होतो. म्हणून मी ‘तो म्हणजे ही, ती म्हणजे शी’ अशी जोडी कधीच लावत नाही. आधी माणूस की वस्तू, हे विचारायचं. वस्तू असेल तर ‘इट’, पुढे काही बघायचंच नाही. माणूस असेल तरच बाई की पुरुष हा प्रश्न येतो. प्राण्यांचं मी मोकळं ठेवते, कारण आपल्या लाडक्या मांजराला इंग्रजीतही ‘शी’ म्हणतात.

यातला सगळ्यात मोठा गुंता आदराचा. एका मुलाने आजोबांवर चार ओळी लिहिल्या होत्या. ‘माय ग्रँडफादर इज टॉल. दे रीड अ न्यूजपेपर.’ मी विचारलं, दे का? तो म्हणाला, ‘आजोबांना तो कसं म्हणणार?’ त्याचं म्हणणं रास्त होतं. मराठीत आदरासाठी अनेकवचन येतं. आजोबा आले, ते बसले. मी त्याला सांगितलं की इंग्रजीत आदर या जागी ठेवत नाहीत, एकटे आजोबा असले तर ‘ही’च म्हणायचं, आणि त्याने आजोबांचा मान जराही कमी होत नाही. त्याने खोडून ‘ही’ लिहिलं खरं, पण चेहरा साशंकच होता. मग आम्ही उलट बाजूने गेलो. आजी, आईची मैत्रीण, डॉक्टर, शेजारचे काका अशी मोठी माणसं एकामागून एक घेतली आणि प्रत्येकाबद्दल वाक्य करून बघितलं. शेवटी काका आणि काकू दोघं मिळून आले तेव्हा ‘दे’ आलं, आणि मगच ‘दे’ म्हणजे एकापेक्षा जास्त, हे त्याच्या चेहऱ्यावर पक्कं दिसलं. हे नुसतं सांगून होत नाही, कारण इथे मूल व्याकरणाच्या नियमाबरोबर घरचे संस्कारही तपासून बघत असतं.

मध्यंतरी एक पालक भेटायला आले. शांतपणेच बोलत होते. ‘ताई, आठ पार्ट्स ऑफ स्पीच असतात ना? तुमच्या गटात अजून तीनच झालेत.’ त्यांची काळजी मला समजते, बाहेर सगळीकडे आठाचा तक्ता एकदम पाठ करून घेतात. पण ही आठाची यादी मुलांसाठी कोणी बनवलेली नाही. प्राचीन ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती होत्या, पण त्या आजच्या आठ नव्हेत. त्यात आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे शब्द) होतं आणि उद्गारवाचक शब्द नव्हते. लॅटिनला आर्टिकलच नसल्यामुळे ती जागा रिकामी झाली आणि रोमन व्याकरणकारांनी तिथे उद्गारवाचक शब्द आणले. विशेषण कितीतरी शतकं नामातच धरलं जायचं. इंग्लंडमध्ये 1762 साली रॉबर्ट लोथ यांनी केलेल्या व्याकरणात जाती नऊ आहेत. आपल्याकडे प्राचीन संस्कृत पंडित यास्काने चारच सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्ययं). विद्वानांची ही संख्या जर इतकी मागेपुढे झाली असेल, तर सात वर्षांच्या मुलाने आठांपैकी तीन नीट ओळखणं आणि वापरणं मला खूप मोलाचं वाटतं.

मी त्यांना इंग्लंडचा 2013 सालचा राष्ट्रीय अभ्यासक्रमही दाखवला. तिथे तर बहुतेक मुलांची घरची भाषाच इंग्रजी. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी लेटर, कॅपिटल लेटर, वर्ड, सेंटेन्स, सिंग्युलर, प्लूरल आणि विरामचिन्हांची नावं एवढ्याच संज्ञा आहेत. नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब सहा-सात वर्षांच्या वर्गात येतात, प्रिपोझिशन आणि कंजंक्शन त्याच्या पुढच्या वर्षी, आणि प्रोनाउन ही संज्ञा तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांना. ‘ही’ आणि ‘शी’ ती मुलं त्याच्या कितीतरी आधी बोलत असतात. नाव मात्र मागाहून मिळतं. ते पालक बराच वेळ तो कागद वाचत बसले आणि जाताना म्हणाले, ‘मग घरी आम्ही काय करू?’ मी म्हटलं, रोज एक चित्र बघून मुलीशी इंग्रजीत चार वाक्यं बोला. संज्ञा माझ्यावर सोडा.

मोठ्यांनी आणि छोट्यांनी, दोघांनीही सोडून द्यावी अशी एक समजूत आहे, ती म्हणजे प्रत्येक शब्दाला कायमची एक जात असते. तक्ते पाठ करून घेतले की ही समजूत घट्ट बसते. आमच्याकडे ‘वॉटर’ नाउनच्या पाकिटात होता. एक दिवस गोष्टीत ‘शी वॉटर्स द प्लांट्स’ असं वाक्य आलं आणि गटात चांगलीच वादावादी झाली. एक बाजू म्हणे, वॉटर नाउन आहे, पाकिटात आहे. दुसऱ्या बाजूने चाचणी लावली, यस्टरडे शी वॉटर्ड द प्लांट्स. बदलतोय, म्हणजे व्हर्ब. मी म्हटलं, तुमची आई घरी आई असते, कामावर कोणाची तरी साहेब असते, आजीसाठी मुलगी असते. माणूस तोच, नातं कोणाबरोबर आहे त्यावर नाव ठरतं. शब्दाचंही काम बघायचं. त्यावर त्यांनी ‘वॉटर’ची दुसरी चिठ्ठी करून व्हर्बच्या पाकिटात टाकली आणि तेवढ्यावर न थांबता इतर पाकिटंही उपसायला काढली. लाइट, प्ले, ड्रीम, हॅमर, कलर. ‘लाइट’ला तर तिन्ही पाकिटांत जागा मिळाली: माय लाइट, ही लाइट्स द लँप, आणि हलक्या पिशवीसाठी व्हेरी लाइट.

प्रिपोझिशन सध्या नुसतं खेळातून चालू आहे, नाव न घेता. मराठीत ‘पेटीवर’, ‘पेटीखाली’ असा शब्दाच्या मागे जोड येतो, इंग्रजीत तोच पुढे येतो, त्यामुळे ‘बॉक्स ऑन’ हे सुरुवातीला हमखास ऐकू येतं. पेटीत, पेटीवर, पेटीमागे बाहुली ठेवत राहायचं आणि बोलत राहायचं, याहून दुसरा उपाय मला माहीत नाही.

ॲडव्हर्ब मी या वर्षी घेणार नाही. इंग्लंडात तो लवकर येतो हे खरं, पण आपल्या मुलांसाठी मला तो घाईचा वाटतो. जो शब्द दुसरीकडे कुठे बसत नाही तो या वर्गात ढकललेला असतो, त्यामुळे ‘क्विकली’, ‘व्हेरी’, ‘हिअर’ आणि ‘नॉट’ अशी एकमेकांशी फारसा संबंध नसलेली मंडळी तिथे एकत्र येतात. ‘एलवाय असला की ॲडव्हर्ब’ हा सोपा नियम ‘फ्रेंडली’ खोटा ठरवतं आणि ‘फास्ट’ला तर एलवाय लागतच नाही. तिन्ही चाचण्यांत न बसलेल्या शब्दांसाठी मुलांनी एक चौथं पाकीट केलं आहे आणि त्यावर ‘नंतर बघू’ असं लिहिलं आहे. ते आता चांगलंच जाड झालं आहे. पुढच्या वर्षी ते उघडायचं आणि पहिली चिठ्ठी ‘नॉट’ची काढायची, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आहे. का, असं विचारलं तर म्हणतात, ‘तो सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सगळं वाक्यच उलटं करतो.’